नवख्याला जमेल असं काही

खोली बघायला गेले त्या दिवशी माझं नाव विचारायच्या आधी त्यांनी विचारलं, "पेन्सिल कशानं तासता?"

"शार्पनरनं," मी म्हणाले.

आजार हाताबाहेर गेल्यावर डॉक्टर मान हलवतात तशी त्यांनी हलवली. मग म्हणाले, "असू द्या. खोली घ्या. शिकता येईल."

ते माझे अमरावतीचे पहिले घरमालक. मी मिशनऱ्यांच्या इंग्रजी शाळेत शिकलेली आणि मुलींच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला म्हणून या गावात आलेली. अनोळखी माणसाशी बोलायचं म्हटलं की माझे शब्द आधी इंग्रजीत गोळा होत, आणि ते मराठीत येईपर्यंत समोरच्याचं लक्ष दुसरीकडे गेलेलं असे. या घरात त्याचं काही अडलं नाही. तिथे बोलणारे दोघं होते आणि तिसऱ्याला जागाच नव्हती.

एक घरमालक. दुसऱ्या त्यांच्या थोरल्या, विधवा बहीण. त्यांना सगळी गल्ली आत्याबाई म्हणे, म्हणून मीही म्हणू लागले. घरमालकांना मी काका म्हणायची आणि ते मला मिसबाई म्हणायचे. काकांनी लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारणं शक्य नव्हतं, पण आत्याबाई न विचारताच सांगत. "पोरगी पाहून आला का म्हने, चांगली हाये, पन अजून एक पाहू. पाहता पाहता त्या पोरींच्या पोरी लग्नाच्या झाल्या."

काका वजन-मापे खात्यात होते. ते बाजारात शिरले की भाजीवाल्या तराजू झटकून सरळ धरत. संध्याकाळी घरी आले की कोट खुंटीला जाई, शर्टाच्या बाह्यांना रबरी पट्टे चढत आणि डिझाइन सुरू होई. 'डिझाइन' हा शब्द ते असा जपून उच्चारत, जणू तो सोवळ्यात आहे. त्यांचं म्हणणं असं की देशात एवढी धरणं आणि कारखाने उभे राहताहेत, तेव्हा शिकल्या-सवरल्या गृहस्थानं निदान स्वतःच्या घरातली वस्तू तरी आधी कागदावर काढावी, मापं घालावीत आणि मग सुताराकडे न्यावी. यात चूक काही नव्हती. फक्त ती कागदावर काढायला जे सामान लागतं ते त्यांना अजून मिळालेलं नव्हतं.

म्हणजे सामान पुष्कळ होतं. माझ्या खोलीतलं एक अख्खं कपाट त्यानं भरलेलं होतं, आणि भाड्यानं देताना मला ती अटच घातली होती की कपाट हलवायचं नाही. त्यात टी-स्क्वेअर होते, लाकडी आणि सेल्युलॉइडचे त्रिकोणी गुण्ये होते, निळ्या मखमलीत झोपलेल्या कंपासपेट्या होत्या. एक पेटी जर्मन होती, निवृत्त ओव्हरसिअरच्या मुलाकडून घेतलेली. ती काका वर्षातून एकदा, दसऱ्याला उघडत. "ही नवख्यासाठी नाही," असं म्हणून परत बंद करत. शाळकरी पोरांची पत्र्याची कंपासपेटी स्वस्त होती, पण तिचं टोक हलायचं. चांगल्या देशी पेटीचं टोक हलायचं नाही, पण तिचा स्क्रू फार घट्ट, म्हणजे हौशी माणसाच्या बोटांना ताण. परवडेल आणि नवख्याला जमेल, अशा दोन कसोट्या होत्या. जे परवडे ते जमत नसे आणि जे जमलं असतं ते परवडत नसे. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, तर काकांना संशय येई.

नवी वस्तू घरात आली की तिची परीक्षा व्हायची. कोऱ्या कागदावर एक सरळ रेघ आणि एक वर्तुळ. मग कागद उजेडात धरून ते पाहत, भिंग लावून पाहत आणि निकाल देत. एक अपवाद सोडला तर एवढ्या वर्षांत काकांनी काढलेलं जे काही मी पाहिलं, ते सगळं रेघा आणि वर्तुळंच होती. पण काय रेघा होत्या! तशी रेघ मी पुन्हा पाहिली नाही. भिंतीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात लावलं होतं: आधी साधन, मग साधना.

माझं काम इंग्रजी वाचून दाखवायचं. त्यांच्याकडे नवशिक्यांसाठी लिहिलेलं एक जाड विलायती पुस्तक होतं. पहिलं प्रकरण साधनांचं. 'शिकणाऱ्यानं प्रथम एक चांगला बोर्ड मिळवावा,' असं वाक्य आलं की काका हात वर करत.

"थांबा मिसबाई. इथे थांबा."

आम्ही तिथेच थांबायचो. पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्या पानापासून. दुसऱ्या प्रकरणात काय आहे हे मला आजतागायत माहीत नाही. एकदा पान उलटून पाहावं असं मनात आलं होतं, पण काकांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी नको त्या खोलीचं दार लोटलं होतं.

हे सगळं नुसतं हसण्यावारी गेलं असतं. पण आत्याबाईंना चाकांची खुर्ची हवी होती.

मी राहायला यायच्या आदल्या पावसाळ्यात त्या न्हाणीच्या दगडावरून घसरल्या होत्या. कंबरेचं हाड जुळलं, पण उभं राहण्याचं बळ गेलं. आतल्या पडवीत त्यांची बाज होती. समोर फरसबंद अंगण, आणि अंगणाच्या टोकाला फाटक. फाटकापलीकडे रस्ता. बाजेवरून रस्ता दिसत नसे, ऐकू येई. दर्यापूरची बस आली हे त्या हॉर्नवरून सांगत, आणि आज ड्रायव्हर कोण आहे तेही. "मले काशीले नाई जायचं," त्या म्हणत. "फाटकापर्यंत जायचं हाये. कोन आलं, कोन गेलं, कोनाची सून कोनाशी बोलून राह्यली, एवढं दिसलं का झालं."

उचलून न्यायला त्यांची सक्त मनाई होती. शेजारच्या दोघांनी एकदा बाजेसकट उचलायची तयारी दाखवली, तर म्हणाल्या, "मी का कापसाचं गाठोडं हाओ? उचलसान, मंग तोलसान. घरात तोलनारा हायेच."

इस्पितळात तशी खुर्ची होती. काका ती पाहायला गेले, टेप लावून आले आणि निराश होऊन परतले. "चाकाचा व्यास आणि बैठकीची उंची यांचा मेळच नाही. ज्यानं केली त्यानं आधी कागदावर काढलीच नसणार." तिथल्या तिथे त्यांनी ठरवलं की ताईची खुर्ची आपण स्वतः डिझाइन करायची. ते त्यांच्या आयुष्यातलं पहिलं संपूर्ण डिझाइन असणार होतं. म्हणून तर साधनात हयगय चालणार नव्हती.

त्या उन्हाळ्यात एक अडचण आली. सरकारनं शेर, मण, इंच, फूट काढून टाकायचं ठरवलं आणि ते काढून टाकण्याचं अमरावतीतलं काम काकांच्याच खात्याकडे आलं. दिवसभर ते दुकानादुकानांतून जुनी मापं गोळा करत. घरी आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की कपाटातल्या सगळ्या पट्ट्या इंचांच्या आहेत.

"दिवसा लोकांचे शेर जप्त करायचे आणि रात्री घरात इंचानं रेघ मारायची? हा व्यभिचार आहे," ते म्हणाले.

पडवीतून आवाज आला, "माही कंबर जुन्या मापानं मोडली, बाप्पा. आता नव्या मापानं बसवतं काय?"

"ताई, हे शास्त्र आहे."

"असंन. मले त्याच्यावर बसता येते का, ते सांग."

सेंटिमीटरची पट्टी अमरावतीत तेव्हा शाळकरी तेवढी मिळे, आणि ती काकांच्या भिंगाखाली टिकली नाही. खुर्ची थांबली.

मधे एकदा ट्रेसिंग क्लॉथ आलं. निळसर, गुळगुळीत, खळीनं कडक केलेलं तलम कापड, साहेब लोक त्यावर पक्का नकाशा काढतात तसलं. काकांनी श्वास रोखून त्यावर काळ्या शाईनं खुर्चीचं एक चाक काढलं, आऱ्यांसकट, आणि सुरळी करून पडवीतल्या फळीवर ठेवलं. आत्याबाईंनी बाजेवरूनच ते बोटांनी चाचपलं. कापड उत्तम होतं, फक्त खळ फार झाली होती. त्यांनी धुणेवालीला सांगून ते सोड्याच्या पाण्यात उकळवलं. खळ गेली, शाईही बरीचशी गेली आणि खाली शुभ्र मलमल निघाली. रविवारी त्यांनी त्याचे रुमाल शिवले. एक मला दिला. कोपऱ्यात दोन आरे फिकट दिसत होते.

काका दोन दिवस जेवले नाहीत. आत्याबाईंना त्यांच्या दुःखाचं कारणच कळेना. "अरे, ओव्हरसिअरच्या घरी सारे असेच रुमाल वापरतात. कागद पाहिजे व्हता तं कागद आनाचा. कापडावर कायले चितारलं?"

दिवाळीला आत्याबाईंचा मुलगा आला. तो तेल्हाऱ्याला कापसाच्या व्यापारात. बोलायला मोजका आणि आईवर जीव असलेला. आईची बाज जिथल्या तिथे पाहून त्यानं अंगणात मामांना गाठलं.

"मामा, माय अशीच बसून राहनार काय? मी तिले घेऊन जातो."

"खुर्ची होते आहे," काका म्हणाले.

"गेल्या साली बी होतच व्हती." मग तो आत गेला आणि बाजेच्या काठावर बसून म्हणाला, "माय, संक्रांत झाली का मी येतो. हिंडता-फिरता येत असंन तं राह्य इथं, माहं काही म्हननं नाई. नाई तं तेल्हाऱ्याले चाल. सून हाये, ते पाहीन."

तो गेल्यावर आत्याबाईंनी मला जवळ बोलावून आवाज हलका केला. त्या घरात ती नवी गोष्ट होती. म्हणाल्या, "सून चांगली हाये. पन तिथं मागची खोली देतीन. खिडकीतून गोडाउनची भीत दिसते. भितीले काय पाहू मी, मिसबाई?" बायकादेखील स्वतःबद्दल 'पाहतो, जातो' बोलतात अशा त्या भागात त्या वाढलेल्या. तोपर्यंत त्यांचं बोलणं मला नेहमी हुकमासारखं वाटलं होतं. त्या दिवशी तसं वाटलं नाही.

संक्रांत तोंडावर होती. काका कामाला लागले, म्हणजे अकोल्याला गेले.

मलाही शाळेच्या कामासाठी त्या दिवशी अकोल्याला जायचं होतं, म्हणून आम्ही एकाच बसनं गेलो. मी पुढे बायकांच्या बाकावर, ते मागे, मांडीवर रिकामी पिशवी. मूर्तिजापूरला त्यांनी माझ्यासाठी चहा पाठवला आणि निरोपही, की डब्यावरचं इंग्रजी वाचायला दुपारी दुकानात या. दुकान लोखंडी सामान आणि स्टेशनरी असं दोन्हीचं होतं. मालक मुसलमान, पांढऱ्या दाढीचे, सगळ्या बाजारात चाचा. काकांना पाहताच त्यांनी मुलाला न सांगता स्वतः स्टूल पुढे केलं, त्यावरून येणं-जाणं किती जुनं आहे ते कळलं.

"फरमाइए साहेब. यंदा काय?"

"सेंटिमीटरची पट्टी, आणि एक बोर्ड. परवडेल असा. आणि मुख्य म्हणजे, नवख्याला जमेल असा."

"नवखा कोन हाय?"

"मी."

चाचांनी चष्मा काढून पुसला. "साहेब, माझी दाढी काळी व्हती तवापासून तुमी येऊन राह्यले. अजून नवखेच?"

"हौशी माणसानं घाई करू नये," काका म्हणाले.

"सही बात. बनवायचं काय हाय, ते तरी सांगा आज."

काकांनी सांगितलं.  चाचांनी आत जाऊन चार लोखंडी चाकं आणून काउंटरवर ठेवली. जिनिंगमधल्या कापसाच्या ढकलगाडीची होती, वळणारी, रबर लावलेली. "हे न्या. कोनतीही खुर्ची आना, खाली ठोका. आपाजी, तुमच्या बहीनबाई, उद्या फाटकावर."

मी आनंदानं काहीतरी बोलणार होते. शब्द इंग्रजीत गोळाही झाले होते. पण तेवढ्यात काकांनी एक चाक उचललं, फिरवलं, कानाला लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बोर्डाला," ते म्हणाले.

बसमध्ये त्यांनी मागच्या बाकावरून मला समजावून सांगितलं. आमच्या घरात उजेड फक्त अंगणात. पण वऱ्हाडातलं ऊन एका जागी थांबत नाही, आणि उन्हात कागद आक्रसतो. तेव्हा बोर्डानं सावलीबरोबर सरकायला हवं. आजवर डिझाइन अडलं होतं ते यामुळेच. चाकं खुर्चीला लावली तर खुर्ची होईल, पण डिझाइन राहूनच जाईल. बसमधल्या दोघातिघांनी मान डोलावली.

बोर्ड मात्र झाला. आठवडाभरात झाला, आणि मी म्हणेन की फार सुंदर झाला. पाय परतवाड्याच्या सागवानाचे, वर देवदाराचा रुंद फळा, एका कडेनं पेन्सिली गडगडू नयेत म्हणून उंच पट्टी, आणि चाकांना अडकवायला लाकडी पाचरी. सुताराकडे काका स्वतः उभे होते. फळ्याची उंची बसायच्या जागेवरून ठरवायची होती, आणि घरात संध्याकाळी ते नेहमी एकाच जागी बसत, ताईच्या बाजेच्या काठावर. म्हणून, वरून वाकून रेघ मारता यावी अशी, ती बाजेबरोबर ठेवली. सुतारानं विचारलं, "कागद न काढताच करायचं काय साहेब?" तर काका म्हणाले, "हे साधन आहे. साधनाचं डिझाइन कुठून असणार?"

अकोल्याहून आणलेली सेंटिमीटरची पट्टी भिंगाखाली टिकली, मग कागद चढला. चारी कोपऱ्यांना पितळी पिना लागल्या. आणि खरं सांगते, काकांनी खुर्ची काढायला घेतली. बैठक, पाठ, हात टेकायच्या दांड्या. रोज थोडी थोडी. बोर्ड सावलीमागे अंगणभर फिरे आणि काका त्याच्यामागे. आत्याबाई बाजेवरून पाहत. "खुर्चीच्या आधी तिचा फोटूच हिंडून आला," त्या म्हणाल्या. पण त्यांचं लक्ष काकांच्या हाताकडे नव्हतं. त्या चाकांकडे पाहत होत्या.

संक्रांत झाली. तेल्हाऱ्याहून निरोप आला की उद्या सकाळच्या बसनं येतो. कागदावर बैठक होती, पाठ होती, चाकं नव्हती. सकाळी चाकांची जागा आली तेव्हा काकांना वाटलं की या पेन्सिलीचं शिसं फार कडक आहे, चाकाला जरा मऊ हवं. त्यांनी पाचरी लावल्या, कोट घातला आणि पेन्सिल आणायला बाजारात गेले.

फाटक लागलं तशा आत्याबाई म्हणाल्या, "मिसबाई, तो फळा इकडं लोट."

मी पाचरी काढल्या. बोर्ड माझ्या बोटाच्या धक्क्यानं आला, एवढी ती चाकं हलकी चालत होती. बाजेला टेकला तेव्हा फळा आणि बाज यांच्यात फट नव्हती. आत्याबाईंनी दोन्ही हात टेकले आणि सरकल्या. मधे एकदा थांबल्या, दम घेतला, माझा खांदा धरला नाही, कडेची पट्टी धरली. मग पाय वर घेतले, पदर नीट केला आणि म्हणाल्या, "चाल."

"कागद आहे खाली," मी म्हणाले.

"असू दे. थंड नाई लागत."

अंगण आम्ही सावकाश ओलांडलं. फरशांच्या सांध्यावर चाकं टकटक करत होती. फाटक उघडलं, पाचरी लावल्या आणि आत्याबाईंनी रस्ता पाहिला.  आत्याबाई पडल्यानंतर समोरच्या घरी राहायला आलेल्या मास्तरीणबाई, ज्यांच्याशी त्या रोज भिंतीवरून ओरडून बोलत, त्या पुस्तकं छातीशी धरून शाळेला निघाल्या होत्या. त्या जागच्या जागी थबकल्या.

"अवो बाई," आत्याबाई म्हणाल्या, "तुमी तं आवाजापेक्षा बारीकच निंगाल्या."

दोघी हसत असतानाच बस आली. मुलगा उतरला, हातात आईचं सामान न्यायला आणलेली रिकामी ट्रंक. फाटकाशी येऊन तो थांबला.

"माय, हे काय?"

"फिराले आलो व्हतो. तू कायले ट्रंक घेऊन हिंडून राह्यला?"

त्यानं चाकं पाहिली, आईकडे पाहिलं, मग ट्रंक हळूच पाठीमागे घेतली. तेवढ्यात कोपऱ्यावरून काका आले. हातात नवी पेन्सिल. लांबूनच त्यांना दृश्य दिसलं असावं, कारण शेवटची काही पावलं ते जवळजवळ धावले, आणि त्यांचं मी कधी न ऐकलेलं घरचं बोलणं बाहेर पडलं.

"ताई, ऊठ! खाली खुर्ची हाये माही!"

आत्याबाई जराही हलल्या नाहीत. "हाये ना. तिच्यावरच तं बसलो हाओ."

भाचा रस्त्याकडे तोंड करून हसू आवरत होता. मास्तरीणबाईंना शाळेची आठवण झाली. काका उभेच. मग ते खाली वाकले. मला वाटलं, कागद ओढून काढतील. त्यांनी एका कोपऱ्याची पितळी पीन नखानं उचकटली आणि खिशात टाकली. मग दुसरी. पदराजवळची तिसरी काढताना म्हणाले, "टोचंल."

मुलगा चहा पिऊन दुपारच्या बसनं एकटा परत गेला. ट्रंकेत आत्याबाईंनी तिळाचे लाडू भरून दिले.

त्यानंतर रोज संध्याकाळी फळा फाटकाशी असे. गल्लीतल्या बायका तिथे येऊन काठावर टेकत, भाजी निवडत. काकांनी डावं चाक ओढतं म्हणून त्याला तेल घातलं आणि पेन्सिलींसाठी केलेली पट्टी आत्याबाईंच्या कोपरासाठी कापडानं मढवून दिली. चाचांना हे कुणीतरी जाऊन सांगितलं असावं, कारण अकोल्याहून एक छत्री आली, फळ्याला अडकवायच्या कड्यासकट.

पुढे माझी बदली झाली. निघायच्या आधी मी काकांना पहिला आणि शेवटचा प्रश्न विचारला. मराठीतच, आधीपासून मनात जुळवून ठेवलेला.

"काका, खुर्चीचं डिझाइन पूर्ण कधी करणार?"

त्यांनी फाटकाकडे पाहिलं. आत्याबाई बसच्या ड्रायव्हरला काहीतरी सुनावत होत्या.

"करायचंच आहे, मिसबाई," ते म्हणाले. "पण बोर्ड मोकळा कुठे असतो?"